कोणता हात?

त्या सकाळी चांद्याच्या मोटारीत जागा रिकामी होती, तरी मी बसले नाही. बसवतच नव्हतं. घुग्घुसपासून चांद्यापर्यंत दांड्याला धरून उभी राहिले आणि वाटभर बडबडत राहिले. माझ्याबरोबरची बाई मात्र खिडकीशी बसली होती. डावा हात पदराखाली घेऊन ती बाहेर पळसाची झाडं बघत होती. आज तिच्या दाव्याची सुनावणी होती. तारखांवर तारखा पडून कशीबशी हाती लागलेली ही तारीख पुन्हा पुढे ढकलली जाऊ नये, म्हणून मला माहीत असलेल्या सगळ्या देवांना मी मनातल्या मनात कामाला लावलं होतं.

मी तेव्हा घुग्घुसच्या कामगार युनियनमध्ये बायकांची कामं बघत असे. कचेरी म्हणजे एक कौलारू खोली, एक डुगडुगणारं टेबल आणि पावसाळ्यात त्या टेबलावर ठेवायची बादली. मॅट्रिकला मी इंग्रजीत नापास झाले होते, पण कंपनीच्या खोल्यांच्या लाईनीत राहणाऱ्या बायांच्या लेखी मी बॅरिस्टरच होते. बायकांना खाणीत खाली उतरायला बंदी होती. वर मात्र त्या कोळसा निवडत, टोपल्या वाहत, भरलेले डबे रुळांवरून ढकलत. कोणाचा पाय चेंगरला, कोणाच्या डोळ्यात ठिकरी गेली, की नुकसानभरपाईचा दावा लागायचा. दाव्याचे कागद चांद्याचे वकीलसाहेब बघत आणि माणूस मी तयार करत असे. दवाखान्यात बरोबर जायचं, तारीख पडली की समजूत घालायची, दावा ऐकणाऱ्या सरकारी साहेबापुढे काय बोलायचं आणि मुख्य म्हणजे काय बोलायचं नाही ते शिकवायचं. हे काम मला जेवणापेक्षा आवडायचं. आई चिडून म्हणे, "लोकाइचे हातपाय तुटले का तुले आनंद होते का वो?" आनंद कसला होणार! पण कंपनीचा बडाबाबू समोर आला की मला असा चेव यायचा की विचारू नका.

ही बाई गोंडपिपरीकडच्या ढिवराची लेक. माहेरी तळ्यातली मासेमारी, सासर म्हणजे खाण. नवरा तापाने गेल्यावर ती डबे ढकलायला लागली आणि त्यामुळे लाईनीतली खोली तिच्याकडे राहिली. एका सकाळी दोन डब्यांच्या मध्ये तिचा डावा हात सापडला. खाणीच्या दवाखान्यात पट्टी बांधली, जाऊन आराम कर म्हणाले. आराम करायला घरात दुसरं माणूस नव्हतं, म्हणून ती भावाकडे गेली. तिथे कोणी पाला बांधला, कोणी हळद भरली आणि हात सडला. शेवटी दूरच्या एका मिशनच्या दवाखान्यात तो मनगटापासून कापावा लागला. परत आली तेव्हा काम गेलेलं होतं आणि खोलीवर नोटीस लागलेली होती.

दावा साधा वाटत होता. मला तर वाटलं, हा म्हणजे डाव्या हाताचा खेळ. मग कंपनीचं उत्तर आलं आणि वकीलसाहेबांनी ते मला वाचून दाखवलं. खाणीच्या दवाखान्याच्या अहवालात इंग्रजीत स्वच्छ लिहिलेलं होतं, की अपघातात उजव्या हाताला मार लागला. म्हणजे कंपनीच्या मते उजव्याला मार लागला आणि तो बरा झाला. बघा, धडधाकट आहे. आता डावा हात या बाईने कुठे घालवला ते तिलाच ठाऊक. पण आमचा अंदाज असा, असं पुढे लिहिलं होतं, की बाई मासेमार जातीची आहे, माहेरी तळं आहे, आणि खाणीतली बारूद चोरून नेऊन तळ्यात उडवून मासे मारण्याची चाल तिकडे आहे. त्यात तिचा हात उडाला असावा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिथल्या तिथे बड्याबाबूच्या सात पिढ्या उद्धरल्या. वकीलसाहेब चांद्याचेच, घरंदाज मुसलमान, वयाने माझ्या आजोबांसारखे. त्यांनी मला पोटभर बोलू दिलं आणि मग म्हणाले, "बेटी, झालं? आता ऐक. हा दावा गेला तर नुसते पैसे नाही जात. बारूदचोरीचा ठपका बसतो. मग पोलीस."

आणि झालंही तसंच. गोंडपिपरीला भावाच्या घराची झडती झाली. सापडलं काही नाही, पण तिच्या भावजयीने गावभर बोंब केली, की ही नणंद घरात पाय ठेवेल तर मी विहीर जवळ करीन. म्हणजे माहेरही बंद. दावा जिंकला तर खाणीच्या फाटकाशी सुक्या मासळीचं दुकान टाकायचं आणि घुग्घुसातच राहायचं, असं ती म्हणायची. हरला तर काय, हे ती कधी बोलली नाही. मीही विचारलं नाही.

तिच्याबरोबर डबे ढकलणाऱ्या बायांनी सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. पण साक्षीला चला म्हटलं की एकीचं लेकरू आजारी, दुसरीचा नवरा बाहेरगावी. त्यांचा राग तरी कशाला करायचा? त्यांच्या खोल्याही कंपनीच्याच. राहता राहिली एकच साक्षीदार, ती स्वतः. म्हणून मी तिला तयार करायला बसले.

तालीम आमची कचेरीतच चाले. मी टेबलावर चढून साहेब व्हायची आणि रूळ आपटायची. ती समोर उभी. मी तिला बाई म्हणे, ती मला बाई म्हणे.

"कोन्ता हात गेला?"

"त्या दिवशी मी आंबील करून ठेवली, मंग शेजारनीले म्हनलं का..."

"बाई! साहेबाले आंबिलीचं का करा लागते?"

"पन खरं आहे ना ते."

"खरं असन. इचारलं तेवढंच सांगजा. एक सवाल, एक जबाब. कोन्ता हात?"

"डावा."

"आनखी जोरानं."

"डावा!"

अशी ती घोटून घेतली. शेवटी शेवटी तर मी कोपऱ्यावरून नुसतं "कोन्ता?" ओरडले तरी डोक्यावरचा हंडा सावरत ती "डावा!" म्हणायची आणि आम्ही दोघी हसत सुटायचो. मला माझ्या शिकवणीचा असा अभिमान वाटत होता, की काय सांगू.

तर त्या सकाळी आम्ही चांद्याच्या सरकारी कचेरीत पोचलो. वकीलसाहेब जिन्याशीच उभे होते. म्हणाले, साहेब नवीन आहे, जबलपूरकडचा. तेव्हा आमचं राज्य मध्य प्रदेश होतं. राजधानी नागपूर, आणि साहेब म्हणाल तर आज मराठी, उद्या हिंदी. दुभाष्याचं काम करणारा कारकून नेमका रजेवर होता. पण साहेबाने सांगून टाकलं होतं, "हम मराठी समझ लेते हैं."

आत पंखा करकरत होता. एका बाजूला बडाबाबू, गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या कोटात. त्याच्या शेजारी खाणीच्या दवाखान्याचा कंपाउंडर, उत्तरेकडचा, कंपनीने साक्षीला आणलेला. दुसऱ्या बाजूला आम्ही. मी खुर्चीत सारखी चुळबुळत होते. ती मात्र शांत उभी होती. पदर खांद्यावरून पुढे ओढलेला, दोन्ही हात आत.

साहेबाने नाव, गाव विचारलं. तिने एका सवालाला एक जबाब दिला. मी मनात म्हटलं, शाबास! मग तो प्रश्न आला.

"कौन सा हाथ था?"

"डावा!" कचेरी दणाणली.

"दायाँ?"

"हो."

साहेबाने मान डोलावली आणि लिहून घेतलं. बडाबाबू खुर्चीतून अर्धा उठला. "हुज़ूर, लिख लिया जाए! अपने मुँह से कबूल कर रही है!"

मला काही कळेना. काय कबूल केलं? ती तर बरोबर बोलली होती! वकीलसाहेब कागदांत डोकं घालून बसले होते, त्यांनी चमकून वर पाहिलं. साहेबाच्या कपाळावर आठी पडली. तो तिच्याकडे वळला, आवाज चढला.

"दायाँ हाथ? तो दिखाओ दायाँ हाथ!"

आणि तिने पदर बाजूला करून डावा हात पुढे केला. मनगटाशी संपलेला, टोकाला आवळून शिवलेला.

"अरे, यह तो बायाँ है!"

"हो साहेब," ती म्हणाली, "बाईच आहो मी. मानूस कुठचा?"

मागे उभा असलेला चपराशी फस्सकन हसला. आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. डावा, दायाँ! साहेब आपलं दायाँ ऐकतोय, ही आपलं डावा ऐकतेय! मी ताडकन उठले, तोंड उघडलं, आणि टेबलाखालून वकीलसाहेबांचा बूट माझ्या पायावर असा पडला की डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नुसतं पुटपुटले, "बैठ. उन्हें खुद समझने दे."

मी बसले. हयातीत इतकं अवघड काम मी दुसरं केलेलं नाही. जिभेवर आलेलं वाक्य दातांनी धरून ठेवलं होतं.

साहेबाने पेन खाली ठेवलं. मग स्वतःचा उजवा हात उचलून हळूच म्हणाला, "इसको क्या कहते हैं, मराठी में?"

"उजवा."

डावा उचलला. "और इसको?"

"डावा," ती म्हणाली. मग जरा थांबून, शाळेत न गेलेल्या लेकराला समजावतात तशा मायेने पुन्हा म्हणाली, "डा-वा."

साहेब कंपाउंडरकडे वळला. अपघाताच्या दिवशी कसं विचारलं होतं, म्हणून त्याने सरळ सवाल टाकला. कंपाउंडर उभा राहिला तेव्हाच त्याचा चेहरा उतरलेला होता. बिचारा खोटं काही बोलला नाही. म्हणाला, औरत परदे के पीछे थी, पट्टी दाई बाँध रही थी, मैंने पूछा कौन सा, इसने कहा डावा, मैंने कहा दायाँ, इसने कहा हाँ, तो मैंने डॉक्टर साहब को वही बोल दिया. डॉक्टरने ते इंग्रजीत उतरवलं, आणि इंग्रजीत उतरलं म्हणजे संपलंच. ते पुढे बड्याबाबूला ब्रह्मवाक्य झालं. आम्ही इतके दिवस कंपनीने मुद्दाम खोटं लिहिलं असं धरून चाललो होतो आणि खोटं कोणीच लिहिलेलं नव्हतं. पडद्याच्या दोन बाजूंना दोन भाषा उभ्या होत्या, एवढंच.

"आप यहाँ कितने बरस से हैं?" साहेबाने कंपाउंडरला विचारलं.

"बहुत बरस हो गए, हुज़ूर."

साहेब हसायला लागला. मग एकदम थांबला, कारण दोनच मिनिटांपूर्वी त्याच्या स्वतःच्या कागदावर त्याने काय लिहिलं ते त्याला दिसलं. त्याने ती ओळ खोडली आणि वर मोठ्या अक्षरांत नवीन लिहिली. टाळ्या पिटाव्यात, चपराशाला मिठी मारावी, पंख्याला लटकावं, काय करू आणि काय नको असं मला झालं होतं.

"और वह बारूद?" साहेबाने बड्याबाबूला विचारलं.

"वह तो एक अंदाज़ा था, हुज़ूर."

अंदाज! त्या अंदाजापायी झडती झाली होती, भावजयीने तोंड फिरवलं होतं. मी पुन्हा उठले आणि या वेळी बूट पडला नाही. मी काय बोलले ते नीट आठवत नाही. शब्द मराठी होते आणि साहेबाला त्यातले किती कळले देव जाणे, पण बडाबाबू कोटाची बटणं चाचपत राहिला, हे आठवतं. वकीलसाहेब नंतर म्हणाले, बेटी, तू त्याला जे जे म्हणालीस त्यातलं निम्मं मी वकिलीच्या हयातीत कचेरीत ऐकलं नव्हतं.

दावा मंजूर झाला. खोली रिकामी करायची नोटीसही थांबवा, असं साहेबाने बड्याबाबूला तोंडीच बजावलं. मग त्याने कायद्याचं पुस्तक उघडून मागच्या तक्त्यावर बोट फिरवलं. तेव्हाच्या त्या तक्त्यात उजव्या हाताला भाव जास्त होता, डाव्याला कमी. साहेब चांगल्या मनाने म्हणाला, "शुक्र करो, बायाँ था. दायाँ जाता तो कैसे काम चलता?"

वकीलसाहेबांनी तिला ते मराठीत सांगितलं. मीही म्हटलं, "नशीब बाई, उजवा वाचला तुमचा." चपराशीसुद्धा "हो, नशीब नशीब" म्हणाला. तिने नमस्कारासाठी एक हात कपाळाला लावला आणि आम्ही खाली आलो.

खाली कडुलिंबाखाली एक माणूस आलुबोंडे तळत होता. मी पुडाभर घेतले. वकीलसाहेब दुसऱ्या कामाला निघून गेले. आम्ही दोघी पारावर बसलो आणि मी सगळी सुनावणी पहिल्यापासून करून दाखवायला लागले. साहेब मी, बडाबाबू मी, कंपाउंडरही मी. ती हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "बाईच आहो मी!" या वाक्याला तर मी पारावर उभीच राहिले आणि तेवढ्यात मागून एका बकरीने आमचा पुडा ओढला.

"हाड् हाड्!" मी ओरडले. ती माझ्यापेक्षा चपळ. झटकन वाकली, दगड उचलायला.

दगड उचलला गेला नाही. तिचं डावं मनगट मातीला टेकलं होतं. दगडाला लागलं होतं, आणि दगड तिथेच होता.

ती तशीच वाकलेली राहिली. मग सरळ झाली आणि मनगटाची माती पदराला पुसली.

"ध्यानच नाई राहत," ती म्हणाली. "डेबरी आहो ना मी."

डेबरी म्हणजे डावखुरी. मला ते कळायला वेळ लागला. जेवताना मी तिला कितीदा पाहिलं होतं, ती उजव्याच हाताने जेवायची. आमच्याकडे डाव्या हाताने लेकराला जेवू देतो कोण? चापट मारून, हात बांधून, जेवण तेवढं उजव्यावर आणतात. आणि बाकी सगळं?

"पानी भरनं, जारं फेकनं, इळा धरनं, डबा ढकलनं, सगळं ह्याच हातानं," ती म्हणाली. "म्हनून तं हाच सापडला ना, बाई. पुढं हाच होता."

"मंग सांगतलं काऊन नाई?" मी जवळजवळ किंचाळलेच.

"कोन्ता गेला, एवढंच इचारलं सगळ्याइनं. कामाचा कोन्ता, हे कोनी इचारलंच नाई." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. "अन तुमीच म्हनलं ना, इचारलं तेवढंच सांगजा."

मी तिचं उजवं मनगट धरलं आणि तिला ओढत, दोन दोन पायऱ्या चढत पुन्हा वर नेलं. साहेब उठायच्या बेतात होता. मला हिंदी धड येत नव्हती, तरी सगळं सांगितलं. हातवारे केले, तिला डाव्या हाताने डबा ढकलल्याचं करून दाखवायला लावलं. साहेबाने मध्ये तोडलं नाही. त्याने पुस्तक पुन्हा उघडलं, तक्ता वरून खाली वाचला, मग खालून वर वाचला. आणि मिटलं.

"बेटी, इसमें दायाँ है और बायाँ है," तो म्हणाला. "काम का हाथ नहीं लिखा है."

मी भांडायला तोंड उघडलं. तिने मला मागे ओढलं. साहेबाला म्हणाली, "राहू द्या साहेब. खरं तेच लिवलं तुमी." जिन्यात मी रडत होते, रागाने, आणि नाक पुसायला पदर सापडत नव्हता. ती पुढे पुढे उतरत होती. "मले दुकान भेटलं ना आता," ती म्हणाली, "चोट्टी नाई म्हनत ना कोनी आता. तुमी काऊन रडून राह्यल्या?"

खाली बकरी आमचा पुडा कागदासकट संपवून तिथेच उभी होती. तिने आधी बकरीकडे पाहिलं, मग स्वतःच्या उजव्या हाताकडे. मग सावकाश वाकून उजव्या हाताने दगड उचलला, नेम धरला आणि फेकला. बकरीच्या आसपाससुद्धा तो गेला नाही. भलत्याच बाजूला जाऊन कंपनीच्या जीपच्या टपावर धाडकन पडला.

बकरी हलली नाही.

"नव्या सुनेवानी आहे हा," ती उजवा हात झटकत म्हणाली. "शिकवा लागन सगळं."

एवढ्यात जीपचं दार उघडून बडाबाबूचा ड्रायव्हर खाली उतरला आणि आम्ही मोटारीच्या तळाकडे धूम ठोकली.